पंक्तीचें पथ्य

आमच्या ख्रिस्ती समाजांत एकत्र जेवण्यास जें महत्त्व आहे, तें बाहेरच्या माणसास एकदम उमगत नाहीं. नाताळ असो, ईस्टर असो, कापणीचा सण असो कीं नव्या पाळकसाहेबांचें स्वागत असो, उपासना आटोपली म्हणजे मंदिराच्या आवारांत सतरंज्या पसरल्या जातात, चुलीवरून मोठालीं पातेलीं उतरतात, आणि मंडळी ओळीनें जेवावयास बसते. उपदेश कोणत्या वचनावर झाला हें पुष्कळांस आठवड्यानंतर सांगतां येत नाहीं. पण आपण कोणाच्या शेजारीं जेवलों हें वर्षभर आठवतें. ह्या जेवणास आम्ही प्रीतिभोजन म्हणतों, आणि तें नांव सार्थ आहे.

अलीकडे मात्र ह्या पंक्तींत एक कुरबुर ऐकूं येऊं लागली आहे, व तिजविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें. वडीलधारी मंडळी म्हणते, “आतांशा पोरांचे चोचले फार झाले. ह्याला दूध चालत नाहीं, तिला गहूं चालत नाहीं. आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें.” तरुण मंडळी म्हणते, “आमच्या पोटाचें दुखणें आम्हांस ठाऊक. प्रत्येक पंक्तींत त्याचा साक्षीपुरावा कां म्हणून द्यावा?” दोन्ही पक्षांचीं माणसें आमच्या ओळखीचीं आहेत, आणि दोहोंकडे थोडथोडें खरें आहे. परंतु अशा वादांत बहुधा जें होतें तेंच येथेंहि होतें: वाद अन्नाचा राहत नाहीं, माणसाचा होतो.

आमच्या परिचयाची एक मुलगी आहे. गव्हाचा कणहि तिच्या आंतड्यास सोसत नाहीं असें डॉक्टरांनीं निदान केलेलें आहे. ही मुलगी दोन नाताळ मंडळीच्या जेवणास आली नाहीं. कारण विचारतां कळलें तें असें कीं, मागें एकदां तिनें घरून आणिलेली ज्वारीची भाकरी पंक्तींत उघडली, तेव्हां शेजारून कोणी तरी मोठ्यानें म्हणालें, “आमच्या हातचें चालत नाहीं वाटतें?” चार माणसें हंसलीं. तिनें भाकरी पुन्हां फडक्यांत बांधिली, आणि पुढें मंडळीचें जेवण असलें म्हणजे तिला घरीं कांहीं ना कांहीं काम निघूं लागलें.

हा प्रश्न विचारणारास दुष्ट म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं. ‘हातचें चालत नाहीं’ ह्या तीन शब्दांच्या मागें ह्या देशांतील शेंकडों वर्षांचा अपमान सांठलेला आहे. आमच्यांतील कित्येक कुटुंबांच्या पूर्वजांच्या हातचें पाणीसुद्धां गांवांत कोणास चालत नव्हतें, आणि ख्रिस्ती मंडळींत आल्यावर प्रथम जी गोष्ट त्यांच्या अनुभवास आली ती ही कीं येथें आपल्या हातचें चालतें. मुंबईस १८४९ सालीं परमहंस मंडळी निघाली. तिच्यांत शिरणारास ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खावा लागे. पुढें ख्रिस्ती झालेले व ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी ह्यांचा तिच्याशीं संबंध होता. त्या पावाची चव कोणी पाहत नव्हता. पाव खाणें ही शपथ होती. त्याच सुमारास, १८५० सालीं, मद्रासच्या मिशनरी परिषदेनें असें मत नमूद केलें कीं, जो खालच्या मानलेल्या जातीच्या माणसानें शिजविलेलें अन्न खात नाहीं, त्यानें जात सोडली असें मानूं नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले व लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. मधल्या काळांत त्या पतीकडे राहावयास आल्या तेव्हां आपलें स्वयंपाकपाणी निराळें ठेवीत असत. तें सोंवळें कसकसें सुटलें हें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ ह्या पुस्तकांत इतक्या मोकळेपणानें सांगितलें आहे कीं वाचणारास हंसूंहि येतें आणि डोळेहि ओले होतात. असा ज्या समाजाचा इतिहास, त्या समाजांत कोणी ताट मागें सारलें कीं जुनी जखम ठणकावी ह्यांत नवल नाहीं.

पण आतां वाचकांनीं क्षणभर अशी कल्पना करावी कीं परमहंस मंडळीच्या त्या कसोटीस जे तरुण बसत, त्यांत एखादा आमच्या ह्या मुलीसारखा होता. जातिभेद मोडावयास तो मनानें सिद्ध, परंतु गव्हांतील ग्लुटेन नामक द्रव्य पचविण्यास पोटानें असमर्थ. गहूं आणि हें दुखणें ह्यांचा संबंध विलेम डिके नामक डच डॉक्टरांनीं विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास उघड केला; १८४९ सालीं तें कोणास ठाऊक असणार? तो तरुण एक तर पाव खाऊन आजारी पडला असता, किंवा न खाऊन भित्रा ठरला असता. त्याला कांहीं निराळें होतें हें ओळखण्याचें साधन त्या वेळीं नव्हतें. आज तें साधन आहे, आणि तरीहि जर आम्ही पावाचीच कसोटी लावीत बसलों, तर तो दोष अज्ञानाचा म्हणतां येणार नाहीं.

तात्पर्य, ताटांतील पदार्थ नाकारणें निराळें आणि वाढणाराचा हात नाकारणें निराळें. ह्या दोहोंची गल्लत होते म्हणून सारी कुरबुर उत्पन्न होते असें आमचें स्पष्ट मत आहे.

ह्या बाबतींत पंडिता रमाबाईंचें उदाहरण आमच्या मंडळींत जितकें माहीत असावयास पाहिजे तितकें नाहीं. रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनींच्या मठांत जाऊन राहिल्या, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या ख्रिस्ती झाल्या, पण त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं. जन्मभर सोडला नाहीं. त्यांची आईच्या मायेनें काळजी वाहणाऱ्या सिस्टर जेराल्डीन ह्यांस ह्यांत जातीचा अभिमान अजून शिल्लक आहे असें वाटलें, व त्यावर दोघींचा पत्रव्यवहार झाला. तीं पत्रें १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं आहेत. रमाबाईंनीं आपण सर्व पूर्वसंस्कारांतून मुक्त झालों असा दावा केला नाहीं. त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ इतकाच कीं, एखादी इंग्रज बाई हिंदु लोकांत येऊन राहिली, आणि शेजाऱ्यांस ज्यांचा कांहीं उपद्रव नाहीं अशा आपल्या चालीरीती तिनें तशाच ठेविल्या, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेलें रुचेल काय? ह्या प्रश्नास उत्तर नाहीं. रमाबाईंस मांस नको होतें, माणसें नको नव्हतीं, ह्याचा पुरावा पुढें केडगांवास मिळाला. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनीं जातपात न पाहतां उपाशी मुली उचलून आणिल्या, आणि १९०० च्या सुमारास ‘मुक्ती’मध्यें दोन हजारांच्या आसपास जीव जेवत होते. तत्पूर्वीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढिलें तेव्हां तेथील हिंदु विधवांस आपापला आचार पाळण्याची मोकळीक त्यांनींच दिली होती. स्वतःच्या ताटावरून ज्यांना बोल ऐकावे लागले, त्यांनीं दुसऱ्याच्या ताटावर जुलूम केला नाहीं.

मग पदार्थाचा नकार कोणता आणि हाताचा नकार कोणता हें ओळखावें कसें? आमच्या मतें खूण सोपी आहे. हात नाकारणारा पंक्तींतून उठतो. पदार्थ नाकारणारा पंक्तींत बसून राहतो. अंत्युखियास पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. पुढें यरुशलेमाकडील मंडळी आली तेव्हां तो भिऊन त्यांच्यापासून दूर झाला, आणि पौलानें त्याला सर्वांच्या देखत तोंडावर दोष दिला. तेथें पेत्र काय खात होता व काय खात नव्हता ह्याची पौलानें यादी दिलेली नाहीं. तो उठून गेला, एवढेंच पौलास खुपलें. ह्या दृष्टीनें पाहतां आमची ती मुलगी भाकरी घेऊन पंक्तींत आली तेव्हां पेत्राहून बरी वागली होती. तिला उठविलें तें आम्हीं.

आमच्या समाजांत शास्त्रवचनें सर्वांस पाठ, पण बहुधा ज्यानें त्यानें दुसऱ्याचें वचन पाठ केलेलें असतें. करिंथकरांस लिहितांना पौल एके ठिकाणीं असें शिकवितो कीं, कोणी जेवावयास बोलाविलें आणि जावेंसें वाटलें, तर पुढें येईल तें फार चौकशी न करितां खावें. दुसऱ्या ठिकाणीं तोच म्हणतो कीं माझ्या खाण्यानें भाऊ अडखळत असेल तर मी मांसास कधीं शिवणार नाहीं. पहिली गोष्ट पाहुण्यास सांगितलेली आहे. दुसरी, ज्याला सर्व कांहीं पचतें त्या बळकट मनुष्यास. आमच्याकडे यजमान पाहुण्यास पहिलें वचन ऐकवितो, आणि पाहुणा यजमानास दुसरें. दोघेंहि आपापलें वचन उघडून बसलीं तर भांडण्यास विषयच उरणार नाहीं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांतहि हीच वांटणी आहे: खाणारानें न खाणारास तुच्छ मानूं नये, आणि न खाणारानें खाणाराचा न्याय करूं नये. आणि ज्यांस असें वाटतें कीं पथ्यपाण्याची चिकित्सा हें अश्रद्धेचें लक्षण आहे, त्यांनीं तीमथ्याची आठवण ठेवावी. त्याच्या पोटाची तक्रार होती, वरचेवर आजार होत असे. पौलानें त्याला विश्वास वाढीव असें न सांगतां काय प्यावें तें सांगितलें.

नकार द्यावा कसा हें मात्र दानीएलापासून शिकावें. राजाच्या ताटांतलें अन्न त्याला घ्यावयाचें नव्हतें. त्यानें आदळआपट केली नाहीं, व बाबेलच्या स्वयंपाकास नांवेंहि ठेविलीं नाहींत. त्यानें कारभाऱ्यास विनंति केली. कारभारी स्वतःच्या जिवास भ्याला तेव्हां त्याची भीति खरी मानली. आणि दहा दिवस शाकभाजी व पाणी देऊन पाहा, मग काय तें ठरवा, असा मार्ग सुचविला. शाकभाजी व पाणी! ह्याहून स्वस्त व सोपें दुसरें काय मागावयाचें? ज्याला पंक्तींत कांहीं वर्ज्य आहे त्यानें आगाऊ सांगावें, सौम्यपणें सांगावें, आणि जें मागावयाचें तें स्वयंपाक्याच्या आटोक्यांतलें मागावें, हा सारा धडा त्या एका अध्यायांत आहे.

आतां थोडें शरीराविषयीं. आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें हें म्हणणें खरें नाहीं. होतें, त्याला नांव नव्हतें. पोट सदा बिघडलेलीं, वाढ खुंटलेलीं मुलें सर्व काळीं होतीं, आणि त्यांतलीं कित्येक लहानपणींच गेलीं. गव्हाचें हें दुखणें, ज्यास सिलिअ‍ॅक म्हणतात, तें जगांत शंभरांत सुमारें एकास असतें असा अंदाज आहे. त्यावर औषध नाहीं, गहूं आणि जंव जन्मभर सोडणें हाच उपाय. सुदैवानें आमच्या देशावर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ पिकतात. दुधाचें म्हणाल तर मोठेपणीं दुधांतील साखर नीट न पचणारीं माणसें जगांत सुमारें दोन तृतीयांश आहेत, म्हणजे दूध पचणें हाच थोड्यांचा विशेष म्हणावा लागेल! शेंगदाण्याची गोष्ट मात्र गंभीर आहे. महाराष्ट्राच्या स्वयंपाकांत दाण्याचें कूट कोठें नसतें? भरल्या वांग्यांत असतें, काकडीच्या कोशिंबिरींत असतें, साबुदाण्याच्या खिचडींत असतें, पालेभाजींत आणि उसळींतहि असतें. ज्याला शेंगदाणा बाधतो त्याच्या अंगावर चिमूटभर कुटानें गांधी उठतात, घसा सुजतो, आणि कधीं कधीं कांहीं मिनिटांत श्वास कोंडून जीव जाण्याची वेळ येते. तेथें लिंबूसरबत व बडीशेप कामाची नाहीं. अ‍ॅड्रेनॅलिनची सुई लागते व तात्काळ इस्पितळ गांठावें लागतें. बाजारच्या बंद पुड्यांवर दाणे, दूध, अंडें, गहूं, सोयाबीन वगैरे असल्यास तसें छापलें पाहिजे असें २०२० सालच्या नियमांनीं ठरविलें आहे. पण मंडळीच्या पातेल्यावर छापलेलें कांहीं नसतें. तेथें स्वयंपाक करणाराचें तोंड हाच छाप, आणि तें तोंड विचारल्यावर न रागावतां उघडलें पाहिजे.

ह्याहूनहि नित्याचा प्रश्न मधुमेहाचा आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें हिंदुस्थानांत दहा कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. आमच्या कोणत्याहि पंक्तींत त्यांतले दहापांच जण बसलेले असतातच, आणि त्यांच्यापुढें आमचा वाढपी उभा राहतो तो हातांत लाडवांचें ताट घेऊन. “एक तरी घ्याच. नाताळ काय रोज येतो? आम्हांला वाईट वाटेल.” ह्या आग्रहास आम्ही प्रेम समजतों. आग्रह ही मराठी पाहुणचाराची शोभा आहे हें आम्हांस मान्य आहे. भिडस्त पाहुणा पहिल्या खेपेस नको म्हणतो तो खरोखर नको म्हणून नव्हे, हें सर्वांस ठाऊक असल्यामुळेंच ही चाल पडली. परंतु भिडस्ताचा ‘नको’ आणि रोग्याचा ‘नको’ ह्यांत फरक असतो, आणि जो वाढपी तिसऱ्या ‘नको’वरहि लाडू सोडतो तो त्या माणसाच्या भिडेचा गैरफायदा घेतो. आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध गृहस्थ असे तीन लाडू केवळ वाढणारीचें मन मोडूं नये म्हणून खाऊन गेले, आणि त्यांचा सण इस्पितळांत झाला. वाढणारी बाई दुसऱ्या दिवशीं भेटावयास गेली तेव्हां तिच्या डोळ्यांस धार लागली होती. तिनें ममतेनेंच वाढलें होतें. त्यांनीं ममतेनेंच खाल्लें होतें.

येथवर दुखण्याची गोष्ट झाली. पण सर्वच ‘नको’ दुखण्याचे नसतात, आणि आमच्या बोर्डिंगांतील मेट्रनबाईंस विचाराल तर त्या म्हणतील कीं दहांतले नऊ नसतात. कोणास दुधी नको, कोणास कारलें नको, कोणास आमटींत कढीपत्ता दिसला कीं जेवण नको. ह्यांतील कांहीं केवळ हट्ट आहे ह्यांत शंका नाहीं. तथापि सगळा हट्टच आहे असें समजणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगतों. अमेरिकेंतील डु पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९३१ सालीं आर्थर फॉक्स नांवाचे रसायनशास्त्रज्ञ काम करीत असतां एक पूड हवेंत उडाली. जवळचा सहकारी म्हणाला, काय हें कडू जहर! फॉक्स ह्यांस कांहींच चव लागेना. दोघांनीं चाखून पाहिली. एकास अतिशय कडू, दुसऱ्यास बेचव. पुढें असें ठरलें कीं ही जिभेची भिन्नता जन्मजात असून आईबापांकडून येते. कोबी, मोहरी ह्यांच्या वर्गांतील भाज्यांत त्याच जातीचीं कडवट द्रव्यें असतात. तेव्हां एकाच पानावरची एकच भाजी दोन भावांस एकसारखी लागतेच असें नाहीं. लहान मुलांस दोन वर्षांपासून पांचसहा वर्षांपर्यंत नव्या पदार्थाची भीति वाटणें हें स्वाभाविक असून, तोच पदार्थ धाक न दाखवितां दहाबारा वेळां थोडथोडा पुढें ठेविला तर पुष्कळदां ती जाते. आणि कांहीं थोड्या मुलांत हें इतकें विकोपास जातें कीं त्यास आजार मानून २०१३ सालापासून मानसवैद्यांनीं आपल्या ग्रंथांत निराळें नांव दिलें आहे. अशा मुलास कान धरून जेवूं घालणें म्हणजे लंगड्यास धांवण्याची शिक्षा करणें होय.

म्हणून नावडीबद्दल आम्ही विद्यार्थ्यांस दोष देत नाहीं. नावडीच्या प्रदर्शनाबद्दल मात्र देतों, आणि येथें आम्हांस थोडें कठोर बोलणें भाग आहे. ‘शी!’ हा एक अक्षरी शब्द आमच्या भोजनगृहांत अलीकडे फार ऐकूं येतो. डब्यांतून सुकटीची चटणी निघाली कीं ‘शी!’; बोंबलाचें कालवण निघालें कीं नाकास रुमाल. ज्या मुलाच्या आईनें पहांटे उठून तें कालवण केलें तो मुलगा त्या दिवशीं डबा बाकाखालीं ठेवून जेवतो. आमच्या देशांत माणसास हलकें ठरविण्याचा सर्वांत जुना मार्ग त्याच्या अन्नास नाक मुरडणें हाच होता, आणि तो मार्ग मिशनच्या शाळेंत पुन्हां चालूं व्हावा ह्यापरतें दुर्दैव नाहीं. उलट बाजूसहि तेंच. एखादें कुटुंब ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या, पण घरांत मांस शिजत नाहीं, त्या घरचा मुलगा पंक्तींत भातावर नुसतें वरण घेतो, आणि त्याला ऐकावें लागतें कीं, “ह्याचें बामणपण अजून गेलें नाहीं.” रमाबाईंस जें वाँटेजला ऐकावें लागलें तेंच हें, फक्त भाषा बदलली. ज्याला जें नको तें त्यानें घेऊं नये. पानांत घेऊन टाकूं नये. आणि शेजाऱ्याच्या पानांत काय आहे ह्याविषयीं त्यानें बोलूं नये. पोटास जें नको असतें तें तोंडानें गाजविण्याचें कारण नाहीं.

आतां कोणी सुचवितात कीं पथ्याच्या माणसांची एक निराळी पंक्ति मांडावी म्हणजे सर्वांची सोय होईल. ही सूचना चांगल्या हेतूनें केलेली असली तरी तिला आमचा विरोध आहे. निराळें पातेलें असावें, निराळा डाव असावा, निराळें झांकण असावें. दाणे बाधणाऱ्या माणसासाठीं तर हें सर्व असलेंच पाहिजे. पण निराळी पंक्ति नसावी. निराळ्या पंक्तीचा अनुभव आमच्या समाजानें पुरेसा घेतला आहे. आणि जेथें निराळ्या पातेल्यानेंहि भागत नाहीं, एखाद्या मुलास नुसत्या कणानेंहि धोका आहे, तेथें त्या दिवशीं सर्व पंक्तीनेंच दाणे सोडावे. एका दिवसाची चव शंभर माणसांनीं सोडणें सोपें, कीं जन्मभराची पंक्ति एका मुलानें सोडणें सोपें? पौलाचें दुसरें वचन बळकटांसाठीं आहे असें आम्हीं वर म्हटलें, तें लागूं करण्याची ही जागा आहे.

प्रभुभोजनाच्या मेजावर तरी ही गोष्ट मंडळीनें पूर्वींच ओळखली आहे. अमेरिकेंत १८६९ सालीं थॉमस वेल्च नांवाच्या दंतवैद्यांनीं द्राक्षांचा रस न आंबतां टिकविण्याची युक्ति काढिली, ती मद्य वर्ज्य असलेल्या बंधूंस पेला घेतां यावा म्हणून. आणि आज कित्येक मंडळ्यांत तोच रस असतो. भाकरीच्या बाबतींत रोमन कॅथोलिक मंडळीचा नियम कडक आहे, गहूं अजिबात नसलेली भाकरी तिला चालत नाहीं. तरी अत्यल्प ग्लुटेनची भाकरी तिनें मान्य केली असून २०१७ सालीं तें पुन्हां स्पष्ट केलें. आम्हां प्रोटेस्टंटांस तर तेवढेंहि बंधन नाहीं. असें असतां कित्येक ठिकाणीं गहूं न सोसणारा सभासद महिन्याच्या पहिल्या रविवारीं मागच्या बाकावर हात जोडून नुसता बसलेला दिसतो, आणि त्याचें कारण विचारावयास कोणी जात नाहीं. पाळकसाहेबांस आमची विनंति आहे कीं त्यांनीं विचारावें.

आमच्या शाळेंत हिंदु, मुसलमान, जैन, बौद्ध अशीं सर्व मुलें आहेत, व स्नेहसंमेलनाच्या जेवणांत त्यांचेहि नेमधर्म पाळले जातात. जैन मुलासाठीं कांदाबटाट्यावांचून भाजी होते, मुसलमान मुलास मांस कोठून आणिलें तें आधीं सांगितलें जातें, आणि ह्याबद्दल कोणी कुरकुर केलेली आम्हीं ऐकिली नाहीं. परक्यास जी मोकळीक आपण आनंदानें देतों ती आपल्याच घरच्या मुलीस देतांना हात आखडतो, ही मौज आहे.

येत्या नाताळच्या जेवणाची व्यवस्था ह्या खेपेस स्त्रीमंडळाकडे आहे, आणि आमच्या ह्या विचारांपैकीं कांहींचा त्यांनीं स्वीकार केला आहे. ज्याला जें वर्ज्य असेल त्यानें तें आठ दिवस आधीं चिठ्ठीवर लिहून द्यावयाचें आहे. कारण लिहावयाचें नाहीं, पदार्थ लिहावयाचा. दाण्याचें कूट कोणत्याहि भाजींत पडणार नाहीं. लाडवांचें ताट एकदांच फिरेल. चपात्यांबरोबर ज्वारीच्या भाकऱ्या सर्वांसाठीं होतील, मागेल त्याला वाढतील. मात्र गिरणींत गव्हावर दळलेलें ज्वारीचें पीठ ह्या कामीं उपयोगाचें नाहीं, त्यांत गव्हाचें पीठ मिसळतेंच. तेव्हां ज्यांच्या घरीं घरघंटी आहे त्यांनीं ती स्वच्छ करून त्या आठवड्यांत निवळ ज्वारीसाठीं राखून ठेवावी, आणि आपलीं नांवें स्त्रीमंडळाच्या चिटणीसबाईंकडे द्यावीं. निदान तीन घरें लागतील, अजून एकच मिळालें आहे.